पहाटेचा आकडा

गेल्या दिवाळीतली नरक चतुर्दशीची पहाट. लातूरला औसा रोडवरच्या आमच्या घरी अभ्यंगस्नाने उरकली होती, कारीट फोडून झाले होते आणि गल्लीतल्या पोरांनी पहिला सुतळी बॉम्ब लावला होता. पुण्याहून येताना मी अण्णांसाठी रक्तदाब मोजायचे यंत्र आणले होते. परगावी राहणारी मुले दिवाळीला आईवडिलांसाठी जे काही घेऊन येतात, त्यात शाल आणि सुक्या मेव्याच्या डब्याच्या जोडीला हल्ली हे यंत्रही येऊन बसले आहे. अण्णा दिवाणावर पाय लोंबकळत सोडून बसले, एका हातात चहाचा कप, दुसऱ्या दंडावर मी स्वेटरवरूनच पट्टा गुंडाळला आणि बटण दाबले. आकडा आला १८७/१०२.

सगळे गप्प झाले. चुकले असेल म्हणून लगेच पुन्हा बटण दाबले. १९६/१०४. तिसऱ्यांदा २०३/१०८. आई फराळाची ताटे तशीच ठेवून बाहेर आली, "काय करायलाव हे सकाळी सकाळी?" म्हणाली. मेव्हणे गाडीची किल्ली शोधू लागले. शेजारच्या काकांनी आपल्याकडे जिभेखाली ठेवायची गोळी आहे, ती आणतो, असे सांगितले. अण्णा स्वतः काहीच बोलत नव्हते. ते त्या छोट्या पडद्याकडे बघत होते.

आमच्या ओळखीच्या डॉक्टरांनी एवढ्या पहाटे फोन उचलला हे आमचे नशीब. त्यांनी आकडा ऐकून घेतला, पण त्यावर काही बोलले नाहीत. त्यांनी विचारले, छातीत दुखतेय का, दम लागतोय का, बोलताना जीभ अडखळतेय का, एखादा हात किंवा पाय जड पडलाय का, दिसायला अंधुक होतेय का, डोके कधी नव्हे एवढे दुखतेय का. सगळ्याचे उत्तर नाही असेच होते. मग म्हणाले, "काकांची गोळी नको. यंत्र बाजूला ठेवा. अण्णांना खुर्चीत टेकून बसवा, कोणी बोलू नका, आणि अर्ध्या तासाने फक्त एकदा मोजा." अर्ध्या तासाने १५६/९० आले. औषधाचा कण पोटात गेला नव्हता.

त्या अर्ध्या तासात काय झाले, हे मला वर्षभर वाचल्या-विचारल्यावर थोडेफार कळले. ते इथे मांडतो, कारण अशी पहाट या दिवाळीतही अनेक घरांत उगवणार आहे.

*

रक्तदाब पहिल्यांदा मोजला गेला तो माणसाचा नव्हे, घोडीचा. स्टीफन हेल्स हा इंग्लंडमधला पाद्री. त्याने एका जिवंत घोडीला उताणी पाडून बांधले, तिच्या मांडीच्या धमनीत पितळी नळी घातली आणि तिला काचेची लांब नळी जोडली. रक्त आठ फूट तीन इंच उंच चढले. १७३३ साली त्याने हे छापले. ही उंची आजच्या पाऱ्याच्या मापात बसवली तर आकडा १९५ च्या आसपास जातो. स्वस्थ उभ्या घोड्याचा दाब याहून पुष्कळ कमी असतो. म्हणजे इतिहासातला पहिला नोंदलेला रक्तदाब एका भेदरलेल्या, बांधून घातलेल्या जिवाचा होता. आमच्या दिवाणावरच्या आकड्याशी त्याचे जवळचे नाते आहे असे मला वाटते.

माणसाला न कापता दाब मोजायची सोय व्हायला त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षे गेली. इटलीतल्या तुरीन शहरात रिव्हा-रोच्ची या डॉक्टरने १८९६ मध्ये दंडाला हवेचा पट्टा बांधून पाऱ्याच्या नळीशी जोडला. १९०५ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या कोरोत्कोव्ह या शल्यचिकित्सकाने पट्ट्याखाली स्टेथोस्कोप ठेवून आवाज ऐकले: पट्टा सैल होताना पहिली ठकठक ऐकू येते तो वरचा दाब, आवाज विरतो तो खालचा. त्याचा तो निबंध जेमतेम पानभर होता. आपल्या डॉक्टरांनी शंभर वर्षे याच रीतीने दाब मोजला.

घरातले यंत्र मात्र काहीही ऐकत नाही. पट्टा सैल होत असताना धमनीच्या ठोक्यांनी आतल्या हवेत थरथर उठते, ती ते टिपते. थरथर सगळ्यात जोरात असते तिथे सरासरी दाब धरायचा, आणि त्यावरून वरचा व खालचा दाब गणिताने काढायचा. हे गणित प्रत्येक कंपनीचे वेगळे असते आणि ते गुपित असते. त्यामुळे हात हलला, दात वाजले, नाडी अनियमित असली की गणित बिघडते. यंत्र वाईट असते असे यातून निघत नाही. नीट तपासून मान्यता मिळालेले, दंडावर बांधायचे यंत्र पुरेसे विश्वासू असते. मनगटावरचे त्या मानाने कमी भरवशाचे. पण यंत्र अंदाज सांगते, आणि तोही त्या अर्ध्या मिनिटाचा, हे विसरायचे नाही.

दाब हा ठोक्यागणिक बदलतो. झोपेत उतरतो, उठायच्या सुमारास चढतो, थंडीत उन्हाळ्यापेक्षा जास्त असतो. जिना चढलात, भांडलात, लघवी तुंबवून बसलात, मिश्री लावली, तंबाखूची चिमूट दाढेत ठेवली, कडक चहा घेतला की वर जातो. दिवाळीची पहाट म्हणजे यातले बहुतेक सगळे एकाच वेळी: अपुरी झोप, थंडी, चहा, फटाके आणि घरभर माणसे.

त्यात मोजले जाण्याची भीती. १९८३ साली मिलानमधल्या ज्युसेप्पे मान्चिया यांच्या चमूने इस्पितळातल्या ४८ जणांच्या धमनीतच बारीक नळी घालून दाब सतत नोंदत ठेवला, आणि मग त्यांच्या खाटेशी डॉक्टर पाठवला. डॉक्टर आल्यावर पहिल्या चार मिनिटांत वरचा दाब सरासरी २७ ने आणि खालचा १५ ने चढला. डॉक्टर तिथेच थांबला तरी दहाएक मिनिटांत बराचसा उतरला. पुढच्या अभ्यासात डॉक्टरऐवजी परिचारिका पाठवली, तर चढ जवळजवळ निम्मा निघाला. पांढऱ्या कोटाचा रक्तदाब हे नाव यातूनच रुळले.

घरात पांढरा कोट नसतो, म्हणून घरचा आकडा जास्त खरा, असे आपण धरून चालतो. बहुतांशी ते बरोबरही आहे. जपानच्या इवाते प्रांतातल्या ओहासामा या गावात लोकांना यंत्रे देऊन वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, तेव्हा कोणाच्या जिवाला धोका आहे हे तपासणीच्या वेळच्या आकड्यापेक्षा घरच्या आकड्यांवरून जास्त चांगले सांगता आले. पण हे घरच्या अनेक आकड्यांच्या सरासरीबद्दल खरे आहे. एकट्या, अचानक आलेल्या मोठ्या आकड्याला घरातही कोट असतो. पहिला आकडा मोठा आला की छाती धडधडते, दुसरा त्या धडधडीचा येतो, तिसरा दुसऱ्याच्या भीतीचा. १८७, १९६, २०३ ही चढण अण्णांच्या आजाराची नव्हती, आमच्या चेहऱ्यांची होती.

*

भीतीने दाब किती चढतो आणि किती दिवस राहतो याचा विचार करताना लातूरच्या माणसाला एक तारीख आठवतेच. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटे. गणपती विसर्जनाची रात्र संपत होती आणि किल्लारी, सास्तूर परिसरातली दगडमातीची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. त्यातून वाचलेल्यांच्या देहात पुढच्या दिवसांत काय काय झाले असेल, त्यातले रक्तदाबाचे टिपण आपल्याकडे नाही. तेव्हा खेड्यात घरोघरी यंत्र असण्याचा प्रश्नच नव्हता.

सव्वा वर्षाने, १७ जानेवारी १९९५ ला, जपानच्या कोबे आणि अवाजी बेटावर पहाटेच भूकंप झाला. तिथे फरक एवढाच होता की रक्तदाबाचे काही रुग्ण आधीपासून रोज घरी मोजून वहीत लिहीत होते, आणि केंद्रबिंदूजवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांकडेही आधीच्या नोंदी होत्या. घरच्या वह्यांमध्ये भूकंपानंतर लगेच दाब चढलेला दिसतो आणि काही दिवसांत खाली आलेला दिसतो. बेटावरच्या, प्रत्यक्ष हानी सोसलेल्या रुग्णांमध्ये उतरायला काही आठवडे लागले. ज्यांच्या मूत्रपिंडावर आधीच परिणाम झाला होता त्यांचा मात्र जास्त काळ चढलेलाच राहिला.

मला यात दोन्ही बाजू दिसतात. घर पडले तरी बहुतेकांचे शरीर दाब पुन्हा मूळ जागी आणते. आणि ज्यांच्या धमन्या, मूत्रपिंडे आधीच थकली आहेत त्यांना तेच साधत नाही. कोण कुठल्या गटातले, हे एका सकाळचा आकडा सांगू शकत नाही. आधीची आणि नंतरची वही सांगते. २१ मार्च २०२४ ला सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, तो नांदेड-परभणीतही जाणवला. त्या सकाळी घाबरून कुणी पट्टा बांधला असेल, तर त्याच्या पडद्यावर भूकंपच उमटला असणार.

*

आता बसण्याच्या रीतीबद्दल, कारण आमच्या घरी सगळ्यात जास्त चुका तिथेच झाल्या.

दिवाणावर पाय लोंबकळत होते आणि पाठ टेकलेली नव्हती. म्हणजे पाठीचे, मांड्यांचे स्नायू ताणलेले. मोजताना पाठ टेकलेली हवी, दोन्ही पाऊले जमिनीवर सपाट हवीत, पायावर पाय नको. पट्टा बांधलेला हात अण्णांनी मांडीवर ठेवला होता. पट्टा हृदयाच्या पातळीला हवा. ही साधी पाणसाळ आहे: पट्टा हृदयाच्या जितका खाली, तितका रक्ताच्या स्तंभाचा भार आकड्यात मिळतो, दर सेंटिमीटरला पाऊण मिलिमीटरहून थोडा जास्त. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात २०२४ साली हे पडताळून पाहिले. हात टेबलावर आधार देऊन ठेवण्याऐवजी मांडीवर ठेवला तर वरचा दाब सरासरी ४ ने जास्त आला, बाजूला लोंबता सोडला तर साडेसहाने.

पट्ट्याच्या मापाची चूक याहून मोठी. खोक्यात येणारा पट्टा मध्यम दंडाचा असतो, साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर घेराचा. त्यावर तसे छापलेलेही असते आणि ते कोणी वाचत नाही. जाड दंडाला तोकडा पट्टा बांधला की धमनी दाबायला जास्त हवा लागते आणि आकडा फुगतो. हॉपकिन्सच्याच संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवले की ज्यांना मोठा पट्टा लागतो त्यांना मध्यम बांधला तर वरचा दाब सुमारे ५ ने, आणि ज्यांना सगळ्यात मोठा लागतो त्यांना तो बांधला तर जवळजवळ २० ने जास्त येतो. वीस म्हणजे एखाद्याला आयुष्यभराची गोळी लावायला पुरेसा फरक. शिंप्याची टेप घरात असतेच. दंडाच्या मध्यावर घेर मोजायला अर्धे मिनिट लागत नाही, आणि मोठा पट्टा सुटा विकत मिळतो. पट्टा उघड्या दंडावर बांधायचा, स्वेटरवर नाही. बाही वर सरकवून तिचा फास झाला तर तेही चुकीचे. शर्ट काढून बसावे.

आणि बोलायचे नाही. मराठवाड्यातल्या घरात हा नियम पाळणे सगळ्यात अवघड. पट्टा फुगत असताना हमखास कोणीतरी विचारते, "किती आलं ओ?" आणि मोजणारा उत्तर देतो. नुसत्या बोलण्याने दहाएक मिलिमीटर सहज वाढतात.

चहा, तंबाखू, व्यायाम यानंतर अर्धा तास जाऊ द्यायचा. लघवीला जाऊन यायचे. पाच मिनिटे शांत बसायचे, मग मोजायचे, एक मिनिट थांबून पुन्हा मोजायचे. पहिल्यांदा दोन्ही दंडांवर मोजून पाहावे आणि ज्या हातात जास्त येतो तो हात पुढे कायम ठेवावा.

*

हे सगळे नीट केले, पाच मिनिटांनी परत मोजले, आणि तरी वरचा १८० च्या वर किंवा खालचा ११० च्या वर राहिला, तर?

तर डॉक्टरांनी आम्हाला विचारलेले प्रश्न स्वतःला विचारायचे. छातीत दुखणे किंवा दाबल्यासारखे वाटणे, धाप, तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळा पडणे, जीभ जड होणे, दिसेनासे होणे, भ्रम, झटका, कधी झाली नव्हती अशी तीव्र डोकेदुखी: यातले एक जरी असले तरी पुन्हा मोजत बसायचे नाही. १०८ ला फोन करायचा आणि मोठ्या इस्पितळाची वाट धरायची. अशा वेळी दाब मेंदूवर, हृदयावर, डोळ्यांवर घाव घालत असू शकतो, आणि आकडा १८० ऐवजी १६० असला तरी लक्षणांचे महत्त्व कमी होत नाही. उलट लक्षणे असताना आकडा चांगला आला म्हणून घरी थांबणे ही घोडचूक.

गरोदर बाईचा हिशेब निराळा, आणि तो या लेखात मला मुद्दाम घालायचा होता, कारण आपल्याकडे लेकी बाळंतपणाला माहेरी येतात आणि आजोबांचे यंत्र घरात असते. पाचवा महिना उलटल्यावर १४०/९० आले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचे. १६०/११० किंवा जास्त आले तर काही त्रास होत नसला तरी तडक इस्पितळ. डोके दुखणे, डोळ्यांपुढे काजवे, पोटात वरच्या बाजूला दुखणे ही तिथली धोक्याची लक्षणे. बाळंत झाल्यावर पहिले सहा आठवडेही सावध राहायचे. इथे वाट बघणे, सरासरी काढणे यातले काहीही लागू नाही.

बाकीच्यांना, लक्षणे नसतील तर, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टरांशी बोलायचे. घाईने दाब पाडायचा नाही. हे ऐकायला बेफिकीर वाटते, पण यामागे पुरावा आहे. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या दवाखान्यांत १८०/११० किंवा त्याहून जास्त दाब आढलेल्या, पण अवयवांना इजा झाल्याची चिन्हे नसलेल्या ५८ हजारांहून अधिक रुग्णांचा हिशेब २०१६ मध्ये मांडला गेला. त्यातल्या काहीशेंना इस्पितळात पाठवले होते, बाकीच्यांना घरी. पुढच्या काही महिन्यांत हृदयविकार, पक्षाघात यांत दोन्ही गटांत फरक दिसला नाही, आणि पहिल्या आठवड्यात असे प्रसंग हजारात एखादाच होते. इटलीतल्या एका अभ्यासात आणीबाणी कक्षात आलेल्या अशा ५४९ जणांना आधी अर्धा तास नुसते शांत बसवले, तर जवळजवळ एक तृतीयांश लोकांचा दाब औषधाशिवाय पुरेसा उतरला. आमच्या डॉक्टरांचा अर्धा तास हवेतला नव्हता.

आता काकांच्या गोळीबद्दल. निफेडिपिनची मऊ कॅप्सूल टोचून जिभेखाली पिळायची ही पद्धत एके काळी सर्रास होती. आकडा झटपट पडायचा आणि सगळ्यांना हायसे वाटायचे. १९९६ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात काही डॉक्टरांनी अशा उपचाराने पक्षाघात, हृदयविकाराचे झटके आणि मृत्यू झाल्याच्या नोंदी एकत्र करून ही प्रथा थांबवा असे लिहिले. कारण समजायला सोपे आहे. वर्षानुवर्षे चढ्या दाबाची सवय झालेल्या मेंदूच्या रक्तवाहिन्या त्याच दाबाला जुळवून घेतात. तो एकाएकी पाडला तर मेंदूच्या टोकाच्या भागाला रक्त पुरत नाही. नळाचा दाब कमी झाला की गल्लीच्या शेवटच्या घराचे पाणी आधी जाते, हे लातूरकरांना समजावून सांगायला नको.

दुसरा मोह स्वतःची रोजची गोळी आणखी एक घेण्याचा. ॲम्लोडिपिन ही आपल्याकडची सगळ्यात ओळखीची गोळी, तिचा परिणाम पुरता दिसायला सहा ते बारा तास आणि स्थिरावायला आठवडा लागतो. सकाळच्या भीतीवर ती काही करू शकत नाही. त्या रात्री चक्कर मात्र आणू शकते. आदल्या दिवशीची गोळी खरोखर चुकली असेल तर ती वेगळी गोष्ट; तेव्हा ती घ्यावी आणि पुढे चुकवू नये.

*

इथवर वाचून कोणी म्हणेल, म्हणजे मोठा आकडा ही नुसती भीतीच. मी असे म्हणत नाही आहे, आणि अण्णांच्या बाबतीत तसे निघालेही नाही.

भाऊबीज झाल्यावर, फटाके थांबल्यावर, डॉक्टरांनी सात दिवसांची वही करायला सांगितली. सकाळी गोळ्या-चहाच्या आधी दोन वेळा, रात्री जेवणाआधी दोन वेळा. पहिला दिवस सोडून द्यायचा, कारण तो बुजण्याचा दिवस असतो. उरलेल्या सहा दिवसांच्या चोवीस आकड्यांची सरासरी. ती १३५/८५ किंवा जास्त आली तर उच्च रक्तदाब. (दवाखान्यात १४०/९० ही रेघ धरतात, घरची रेघ थोडी खाली असते. अमेरिकेतले डॉक्टर ती १३०/८० वर आणतात. रेघा माणसांनी आखलेल्या आहेत, धोका मात्र त्याच्या आधीपासून हळूहळू वाढत जातो.) अण्णा निवृत्त शिक्षक. त्यांनी जुन्या हजेरीपटात रकाने आखले. पहिल्या दिवसाची सरासरी १६३/९२ आली, उरलेल्या सहा दिवसांची १४७/८६. म्हणजे २०३ नव्हे, पण रेघेच्या वर निश्चित. आजार होता, आणि बहुधा काही वर्षे होता. त्याने कधी डोके दुखले नाही की चक्कर आली नाही, म्हणून कोणी मोजलेच नव्हते.

याच वहीमुळे आणखी एक गोष्ट बाहेर आली. डॉक्टरांनी कुठकुठल्या गोळ्या घेता असे विचारल्यावर अण्णांनी गुडघ्याची सांगितली. मेडिकलवाल्याकडून, चिठ्ठीशिवाय, दोन वर्षे, जवळजवळ रोज. डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात आणि रक्तदाब चढवतात, शिवाय काही रक्तदाबाच्या गोळ्यांचा असर कमी करतात. आपल्या भागात शेतात कष्ट केलेल्या माणसांचे गुडघे आणि कंबरा कशा असतात ते सगळ्यांना माहीत आहे, आणि ती गोळी चहाटपरीशेजारच्या दुकानातही मिळते. सर्दीच्या, नाक मोकळे करणाऱ्या काही गोळ्याही तशाच. ज्येष्ठमधाचा रोजचा काढा निरुपद्रवी वाटतो, तोही जास्त झाला तर दाब चढवतो.

मिठाबद्दल सगळे जण सगळ्यांना सांगत असतात, म्हणून थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर मीठ पुरे म्हणते. त्यात ठेचा, लोणचे, पापड, येसराची आमटी, धपाट्यातले मीठ आणि दिवाळीची शेव-चकली हे सगळे मोजायचे आहे. अण्णांनी ठेचा सोडला नाही. ताटात वरून मीठ घ्यायचे सोडले.

गोळीबद्दल मात्र घरात वाद झाला. "एकदा लागली की सुटत नाही" ही भीती आमच्याकडेही होती. उलटा प्रकार त्याहून जास्त दिसतो: महिनाभर गोळी घेतली, आकडा १२६ आला, आता बरे झाले म्हणून बंद केली. आकडा गोळीमुळे १२६ आला होता हे लक्षात येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार भारतात ३० ते ७९ वयाच्या सुमारे १९ कोटी लोकांना उच्च रक्तदाब आहे; त्यातल्या ३७ टक्क्यांनाच तो असल्याचे माहीत आहे, आणि आटोक्यात असलेले फक्त १५ टक्के. म्हणजे एका पहाटे घाबरणाऱ्या घरांपेक्षा कधीच न मोजणारी घरे कितीतरी जास्त. २०१७ पासून केंद्र सरकार, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि राज्य सरकारांनी उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो उपक्रम सुरू केला, तो महाराष्ट्रात सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा, वर्धा अशा जिल्ह्यांपासून सुरू झाला. त्याची रीत साधी आहे: ठरावीक मोजक्या गोळ्या, त्या घराजवळच्या आरोग्य केंद्रात मोफत, आणि न आलेल्या रुग्णाला बोलावून आणणे. माझ्या मते यातले शेवटचे कलम सगळ्यात मोलाचे आहे. गोळी स्वस्त असते, आठवण महाग.

अण्णांनी गुडघ्याची गोळी बंद केली, त्याऐवजी व्यायाम आणि कधीतरी पॅरासिटॅमॉल घेतात. रक्तदाबाची एक गोळी सकाळी सुरू झाली. सुरुवातीला ते दिवसातून आठ-दहा वेळा मोजू लागले होते. मोजायचे, वाढलेला दिसला की पुन्हा मोजायचे, रात्री उठून मोजायचे. डॉक्टरांनी शेवटी यंत्र आईच्या कपाटात ठेवायला लावले आणि महिन्यातून एक आठवडा बाहेर काढायची परवानगी दिली. रोज मोजल्याने दाब कमी होत नाही, आणि घाबरट माणसाचा तर वाढतोच.

हजेरीपट मी परवा पाहिला. मागच्या महिन्याची सरासरी १२९/७८ आहे. शेवटचा रकाना शेऱ्याचा. त्यात अण्णांच्या टपोऱ्या अक्षरात, आकड्यांच्या बाजूला, लिहिलेले आहे: "लाइट गेली", "शेजारी लग्नाचा बँड", "झोप नीट नाही", "नात आली, मांडीवर", "मॅच, शेवटची ओव्हर". मॅचसमोरचा आकडा १५२ आहे आणि त्याला त्यांनी लाल पेनने गोल केला आहे, जसा ते पोरांच्या पेपरातल्या गणिताच्या चुकीला करायचे.

या वर्षी नरक चतुर्दशीला यंत्र कपाटातच राहणार आहे. पाडव्याला दुपारी, जेवणाआधी, बघू म्हणतात.